पार कुठं घ्यायचा?

[पडद्यावर: संध्याकाळ. गेटबाहेर एक लाल प्लास्टिकची खुर्ची.]

ही खुर्ची बघा. रोज साडेपाच-पावणेसहाला माझी आजी ही खुर्ची स्वतः उचलून गेटबाहेर आणते, कंपाउंडच्या भिंतीला टेकवते अन् बसते. मागं भिंतीवर बघा, खुर्चीची पाठ घासून घासून रंग गेलाय, वीतभर पांढरा पट्टा पडलाय, तीन वर्षांत पडलाय तो. समोर 9 मीटरचा रस्ता, सरळ, चकाचक, अन् त्यावर माणूस नाही. गाड्या येतात, गेट उघडतं, गाडी आत, गेट बंद. आजी सात वाजेपर्यंत बसते, कधी कुणी पोरगं सायकलवर गेलं तर त्याला विचारते कुणाचा रे तू, ते थांबत नाही, मग खुर्ची उचलून आत येते.

आम्ही लातूरला राहतो, रिंगरोडच्या पलीकडं. दहा वर्षांपूर्वी इथं सोयाबीन होतं, आता प्लॉटिंग. का वाढलं ते लातूरकरांना सांगायची गरज नाही, पोरांचं शिक्षण. दहावीनंतर पोरगं लातूरला ठेवायचं, मग एकटं कसं ठेवायचं म्हणून आई येते, मग बाप येतो, मग गावाकडं आजी-आजोबा दोघंच राहिले म्हणून त्यांनाही आणायचं. घर बांधताना पोराच्या खोलीचा विचार झाला, गाडीच्या पार्किंगचा झाला, देवघराच्या दिशेचा तर फारच झाला. पण म्हातारं माणूस घरातून बाहेर पडलं की कुठं जाणार, हा प्रश्न कुणाच्या नकाशात नव्हता. आमच्याही नव्हता, मी स्वतः त्या नकाशावर बोट ठेवून किचन मोठं करा म्हणून सांगितलेलं आहे.

आता मामाचं शेत. रिंगरोडपासून थोडंच लांब, 6 एकर. एनए, म्हणजे बिगरशेती करायचं ठरलंय, घरातल्यांची अन् नात्यातल्यांची मिळून चाळीसेक घरं होतील. मामा म्हणाला, आपल्या कॉलनीसारखं नको, आई जिथं राहील तिथं तिला बोलायला माणूस पाहिजे. या व्हिडिओत त्याच 6 एकरांची गोष्ट आहे.

[पडद्यावर: गंजगोलाई, सकाळची गर्दी.]

प्लॅनिंग म्हणलं की आपल्याला वाटतं ते पुण्या-मुंबईचं काम. पण लातूरची गंजगोलाई बघा ना. मधोमध जगदंबेचं देऊळ, गोल इमारत, अन् तिला येऊन मिळणारे 16 रस्ते. एका रस्त्यावर सोनं, एका रस्त्यावर चपला, कुठं मिरची, कुठं गूळ. निजामाच्या काळातलं हे काम. माणूस कुठल्याही कामाला निघाला तरी मधल्या गोलातून जातो, मग तिथं ओळखीचं कुणीतरी भेटतंच. भेटायला वेगळं निघावं लागत नाही, कामाच्या वाटेवर भेट होते. आमच्या कॉलनीत नेमकं हेच नाही. दूध पुड्यात दारात येतं, किराणा गाडीवर जाऊन आणायचा, ओपन स्पेस सगळ्यात मागं नाल्याच्या कडेला, तिथं कुणी कशाला जाईल? नियमानं एवढ्या मोठ्या लेआउटमध्ये 10 टक्के जागा मोकळी सोडावी लागते, ती सोडली. तिरकी, खोलगट, जी विकली जात नव्हती ती. कागदावर बाग, प्रत्यक्षात वेडी बाभळ.

मामाच्या 6 एकरांचे 240 गुंठे, त्यातले 24 गुंठे मोकळे सोडायचेत. आर्किटेक्टनं पहिला नकाशा आणला त्यात ते 24 गुंठे परत कोपऱ्यातच होते, त्याचं म्हणणं मधला प्लॉट महाग जातो. मामानं नकाशा परत दिला.

यामागं आमच्या घरातली एक जुनी गोष्ट आहे, ती सांगितल्याशिवाय पुढं जाता येत नाही.

[पडद्यावर: जुन्या गावाच्या जागेवर दगडांचे ढीग, बाभळी.]

आजीचं माहेर किल्लारीच्या पट्ट्यातलं. 30 सप्टेंबर 1993, पहाटे 3 वाजून 56 मिनिटांनी भूकंप झाला. गणपती विसर्जन करून माणसं झोपलेली. आपल्याकडची घरं माळवदाची, दगड-मातीच्या जाड भिंती, वर लाकडं अन् त्यावर मातीचा थर, दरवर्षी गळू नये म्हणून अजून माती टाकायची, असं करत करत डोक्यावर टनभर ओझं. तेच अंगावर आलं. हजारो माणसं गेली. त्यामुळं जुनं घर किती छान होतं असं मी म्हणणार नाही, आजीसमोर तर मुळीच नाही, तिचा एक भाऊ त्याच छताखाली गेला.

नंतर 52 गावं नव्या जागेवर वसवली. घरं पक्की मिळाली, ज्याची शेती जास्त त्याला मोठं घर, 250, 400 अन् 750 चौरस फूट असे तीन साइज. भूकंपात टिकतील अशी घरं, अन् ते व्हायलाच पाहिजे होतं. पण गाव आखलं कसं, तर रुंद सरळ रस्ते, चौकटी चौकटी. जुनं गाव जेवढ्या जागेत मावत होतं त्याच्या कितीतरी पट जागेत नवं पसरलं. अन् बऱ्याच गावांत 250 वाले एकीकडं, 750 वाले दुसरीकडं, म्हणजे ज्याच्या भिंतीला भिंत लागून तीन पिढ्या काढल्या तो शेजारी गावाच्या दुसऱ्या टोकाला गेला.

जुन्या वाड्याला ढाळज असायची, आत शिरल्या शिरल्या दोन्ही बाजूला बसायची जागा, अर्धी घरात अर्धी गल्लीत असल्यासारखी. गडीमाणसं तिथं बसायची. बायकांचा ओटा, धुणं, दळण, पाणी. गल्ली इतकी अरुंद की जाणाऱ्याला टाळताच येत नसे, "कुठं निघालाव?" हे विचारावंच लागायचं. अन् अरुंद असल्यामुळं दुपारी सावली. नव्या गावात आजीच्या भावजयीनं घर मिळाल्यावर पहिलं काय केलं असेल तर दारापुढं चार पत्रे टाकले अन् दगड मांडून ओटा केला. नुसत्या तिनं नाही, फिरून बघा त्या गावांतून, पत्र्याची पडवी नाही असं घर सापडायचं नाही. सरकारनं घर दिलं, ढाळज ज्याची त्यानं आपली करून घेतली.

म्हणून मामाच्या नकाशात आता उलट्या क्रमानं काम चाललंय. आधी माणसं कुठं बसतील, कुठून चालतील ते, प्लॉट मागून.

24 गुंठे मधोमध आले. त्याच्या एका बाजूला दोन-तीन दुकानांची जागा, किराणा, दूध, पिठाची गिरणी. गिरणी पाहिजेच असं आजीचं म्हणणं, दळण होईपर्यंत दहा मिनिटं थांबावं लागतं अन् तेवढ्यात सगळ्या गावाची खबर कळते. दुसऱ्या बाजूला एक मोठी खोली अन् व्हरांडा. तिथं अंगणवाडी आणायचा प्रयत्न आहे, 400 ते 800 वस्तीला एक असा साधारण नियम असतो, आमची एकट्याची वस्ती तेवढी होणार नाही, पण शेजारच्या दोन लेआउटची मिळून होते. म्हणजे त्यांच्या बाजूनं कंपाउंडची भिंत घालायची नाही, चालायची वाट ठेवायची. यावर घरात चांगलंच वाजलं. मामीचं म्हणणं, भिंत नसली तर चोऱ्या होतील. मला मामीची भीती खोटी वाटत नाही, पण आमच्या कॉलनीला आठ फुटी भिंत आहे अन् चोरी दोनदा झाली, दोन्ही वेळा रस्त्यावर बघायला कुणी नव्हतं.

त्या व्हरांड्यात सकाळी लेकरं, अन् त्याच वेळी शेजारी म्हाताऱ्या माणसांचं बसणं. अन् संडास, बाहेरून जाता येईल असं, कमोड अन् धरायला दांडी असलेलं. हे बोलायला लोक लाजतात, पण कितीतरी आज्या केवळ या एका कारणानं तासाच्या वर घराबाहेर राहत नाहीत, अन् बाहेर जायचं म्हणून सकाळपासून पाणी कमी पितात, आमच्या उन्हाळ्यात! डॉक्टर सांगतो पाणी प्या, आठवड्यातून 150 मिनिटं तरी चाला. जागतिक आरोग्य संघटनेचा आकडा आहे तो, बरोबरच आहे, रोज अर्धा तास धरला तर पाच दिवसांत होतो. पण दूध-किराणा-देऊळ चारशे मीटरच्या आत असलं की हा अर्धा तास जाता-येता होऊन जातो, त्यासाठी बूट घालून मुद्दाम निघावं लागत नाही.

[पडद्यावर: पेव्हर ब्लॉक उचकटलेला फूटपाथ, एक हात भिंतीला धरून चालणारे आजोबा.]

आता चालायचं म्हणलं तर पायाखाली काय आहे ते बघा. आपली माती काळी. पावसाळ्यात पाणी पिऊन फुगते, उन्हाळ्यात आकसते, हात जाईल एवढ्या भेगा पडतात. त्यावर तसेच पेव्हर ब्लॉक बसवले की दोन वर्षांत एक वर एक खाली. तरण्या माणसाला कळतही नाही, सत्तरीच्या माणसाचा अंगठा अडकला की खुब्याचं हाड. काळी माती काढून मुरूम भरायचा, पाणी मारून चांगला दाबायचा, पाण्याला बाजूनं वाट द्यायची, मग वर काय ते करायचं. खर्च वाढतो. मामानं गेटची कमान रद्द केली अन् तो पैसा मुरुमात घातला, मला या सगळ्या कामात हा निर्णय सगळ्यात जास्त आवडला.

तसंच जोत्याचं. आपल्याकडं जोतं तीन फूट उंच घ्यायची हौस. व्हीलचेअर चढायची तर एक फूट उंचीला बारा फूट लांब उतार लागतो, म्हणजे तीन फुटांना 36 फूट रॅम्प, तेवढा कुणाच्याच प्लॉटमध्ये बसत नाही, मग मोटारसायकल चढवायला करतात तसला खडा उतार होतो अन् त्यावरून म्हातारं माणूस घसरतं. जिथं पाणी तुंबत नाही तिथं जोतं दीड फूट पुरतं, 18 फुटांचा रॅम्प बाजूनं निघतो.

सावलीसाठी झाडं, लिंब अन् करंज, एखादा वड मधल्या जागेत. मे महिन्यात आपल्याकडं दुपारी सूर्य बरोब्बर डोक्यावर येतो, भिंतीची सावली भिंतीच्या पायाशीच संपते, तेव्हा फक्त झाड कामाचं. नंतर ऊन पश्चिमेकडून येतं म्हणून वाटेच्या पश्चिम बाजूला झाडं आधी लावायची. प्लॉट विकला जायला अजून वर्ष-दोन वर्षं आहेत, लिंब आत्ताच लावले तर पहिलं घर उभं राहीपर्यंत डोक्याएवढे होतील.

पाण्याचं थोडक्यात सांगतो, कारण 2016 साली मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं ते लातूरमध्ये कुणी विसरलेलं नाही. 100 चौरस मीटरच्या गच्चीवर 50 मिलिमीटरचा एक पाऊस पडला की 5 हजार लिटर पाणी होतं, म्हणजे एक टँकर. चाळीस घरांचं ते पाणी एका ठिकाणी मुरवायचं अन् बोअर सगळ्यांत मिळून दोनच घ्यायचे, प्रत्येकानं आपापला घ्यायचा नाही. हे करारात लिहून घेणार आहेत.

[पडद्यावर: शेत, फक्कीनं आखलेल्या पांढऱ्या रेघा.]

एवढं सगळं झालं, तरी बसायच्या जागा कुठं ते ठरत नव्हतं. आर्किटेक्ट म्हणाला दर पन्नास मीटरला बाक टाकू, मामा म्हणाला कशाला एवढे. मी त्यांना वाचलेलं सांगितलं, जागतिक आरोग्य संघटनेनं 2007 साली म्हाताऱ्यांना सोयीचं शहर कसं असावं याची माहिती-पुस्तिका काढली तेव्हा जगातल्या 33 शहरांतल्या वयस्कर लोकांनाच विचारलं होतं, तुम्हाला कुठं अडतं. मामा म्हणाला, मग आपण पण विचारू की, आपल्या घरातच आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी आजीला शेतात नेलं. फक्कीच्या रेघेवरून ती चालायला लागली, जिथं मामाचं घर होणार तिथून, मधल्या जागेकडं. काठी घेतली नाही. मी मागं कॅमेरा घेऊन, मामा हातात खुंट्या अन् हातोडा घेऊन. मामानं विचारलं, "आई, कुठं बसावं वाटतंय?"

"दम लागला की सांगते की."

ती चालत राहिली. कुणाचं घर कुठं येणार ते विचारत होती, इथं कोण, तिकडं कोण, थोरलीचं घर लई लांब गेलं म्हणाली. मग एका जागी थांबली, कमरेवर हात ठेवला. पन्नास मीटर झाले नव्हते, मी नंतर टेपनं मोजलं, चौतीस भरले.

"इथं," म्हणाली, "अन् ह्या अंगाला लिंब लावा."

मामानं खाली बसून तिच्या पायापाशी खुंटी ठोकली. आजी तोवर पुढं निघाली होती.