उभ्या उभ्या गेलेला दिवस

[दृश्य : कोळिकोड, मिठाई तेरुवु. सकाळची वेळ. एकेक शटर वर जातंय.]

केरळातलं कोळिकोड शहर. त्याच्या मधोमध हा बाजार, मिठाई तेरुवु. हलव्याच्या लालपिवळ्या वड्या, तेलात पडणारे केळ्याचे वेफर्स, आणि मागच्या गल्ल्यांमधून मजल्यावर मजले चढवलेली कापडाची दुकानं. 2017 च्या अखेरीस हा रस्ता नव्यानं फरसबंद झाला, गाड्या बंद झाल्या. तोंडाशी लेखक एस. के. पोट्टेक्काट यांचा पुतळा आहे. फिरायला येणाऱ्याला हा बाजार फार आवडतो.

पण या बाजारात शेकडो बायका रोज कामाला येतात. पहिल्या बसनं शहर गाठायचं, साडी नीट करायची, काउंटरमागं उभं राहायचं. रात्री शटर खाली येईपर्यंत तिथंच. कुणाचे दहा तास, सणासुदीला बारा.

या फिल्ममध्ये आपण त्या बारा तासांबद्दल बोलणार आहोत. त्यांचा पगार किती, हा प्रश्न आहेच. पण या बायकांची लढाई पगारापासून सुरू झाली नाही. ती सुरू झाली मुतारीपासून.

[दृश्य : अरुंद जिना. एकाला एक लागून छोटी दुकानं.]

इथल्या जुन्या इमारतींमध्ये खोलीखोलीला दुकान आहे, आणि बहुतेक ठिकाणी बायकांसाठी स्वच्छतागृहच नव्हतं. पुरुष कुठंतरी आडोसा शोधायचे. बायकांनी काय करायचं? जवळच्या हॉटेलात जायचं, चहा मागवायचा, त्या चहाच्या पैशांत तिथला संडास वापरायचा. दिवसाच्या मजुरीतून तो चहा रोज कसा परवडणार? आणि काउंटर सोडून पुन्हा पुन्हा बाहेर कोण जाऊ देणार? म्हणून बायकांनी त्यांच्या हातात होतं तेवढं केलं. पाणी पिणं बंद केलं. सकाळी घरून निघताना घोटभर, मग थेट रात्री.

केरळच्या उकाड्यात दिवसभर पाणी न पिता उभं राहायचं. लघवीची जळजळ, वारंवार होणारा जंतुसंसर्ग, मूतखड्याची भीती. पाळीच्या दिवसांचं तर बोलायलाच नको. हे दुखणं घरी सांगायची लाज, मालकाला सांगायची त्याहून जास्त. त्यामुळं प्रत्येकीला वाटायचं, हा त्रास आपल्या एकटीचाच.

आणि हे केरळात चाललं होतं. 2011 च्या जनगणनेत जिथं साक्षरता 94 टक्के भरली, जिथं कामगार संघटनांचे लाल झेंडे नाक्यानाक्यावर दिसतात, त्या केरळात.

[दृश्य : दुकानाबाहेर टेम्पो. हमाल कापडाचे गठ्ठे उतरवतायत.]

हे दृश्य जरा नीट बघू. दुकानाबाहेर गठ्ठा उतरवणाऱ्या हमालासाठी केरळात 1978 पासून स्वतंत्र कायदा आहे. आपल्याकडं अण्णासाहेब पाटलांच्या लढ्यातून 1969 मध्ये माथाडी कायदा आला, त्याच जातीचा. हमालाची संघटना आहे, दर ठरलेला आहे, आणि त्याच्या घामाला जो मान मिळाला तो त्यानं झगडून मिळवला आहे. तोच गठ्ठा उंबरठा ओलांडून आत गेला, की तो सोडणारी, घडी उलगडून दाखवणारी, पुन्हा घडी घालणारी बाई मात्र एकटी. दुकानांचा कायदा केरळात 1960 पासून होता. पण तिच्या वतीनं तो वाचणारं कुणी नव्हतं. एका दुकानात चौघी, दुसऱ्यात सहाजणी. मोठ्या संघटनांना ही विखुरलेली माणसं दिसलीच नाहीत. मला वाटतं, त्यांनी पाहायचं ठरवलं असतं तर दिसली असती.

[दृश्य : शिलाई मशीन.]

पी. विजी याच बाजारात शिवणकाम करायच्या. शाळा लवकर सुटलेली, कामाला लवकर लागलेल्या. कोळिकोडमध्ये के. अजिता यांची ‘अन्वेषी’ ही स्त्रियांची संस्था 1993 पासून काम करत होती. तिथं विजींचं येणं-जाणं होतं. बाजारातल्या बायकांशी जेवणाच्या वेळी, बसस्टॉपवर, जिन्यात त्या बोलू लागल्या, आणि प्रत्येकीचं दुखणं तेच निघालं. त्यातून ‘पेनकूट्टू’ ही संघटना उभी राहिली. पुढं लोक त्यांना विजी पेनकूट्टू याच नावानं ओळखू लागले.

पहिली मागणी : बायकांना संडास द्या.

या मागणीवर लोक हसले. चेष्टा झाली, घाणेरडे शेरे आले. पण यात मागं हटावं असं काय होतं? बायका इमारतमालकांकडं गेल्या, महापालिकेकडं गेल्या, कामगार खात्याकडं गेल्या. हळूहळू स्वच्छतागृहं मिळू लागली. त्याहून मोठी गोष्ट अशी, की ज्या बाईनं चार माणसांत ‘मला लघवीला जायचंय’ हे मोठ्यानं सांगितलं, तिला त्यानंतर ‘माझा पगार कमी आहे’ हे सांगणं अवघड राहिलं नाही.

[दृश्य : साड्यांचं मोठं शोरूम. काचेचे दरवाजे, झगमगाट. गिऱ्हाइकांसाठी खुर्च्या.]

दुसरी मागणी बसण्याची.

आपल्याकडं, पुण्याच्या लक्ष्मी रोडला किंवा दादरला जुन्या पेढीवर साडी घ्यायला गेलात तर आठवून बघा. पांढरी गादी अंथरलेली. गिऱ्हाईक बसलेलं, आणि साडी दाखवणाराही समोर मांडी घालून बसलेला. दोघांमध्ये साड्यांचा ढीग. शोरूम आलं आणि ही बैठक मोडली. गिऱ्हाइकाला खुर्ची राहिली. विकणारा उभा झाला, किंवा खरं सांगायचं तर विकणारी उभी झाली. कारण शोरूमनं माणसंही बदलली. कमी पगारात, न बोलता उभ्या राहणाऱ्या तरुण मुली आणि संसारी बायका घेतल्या.

केरळच्या कापडदुकानांत नियम असा, की गिऱ्हाईक नसेल तरी बसायचं नाही. भिंतीला टेकायचं नाही. शेजारच्या काउंटरवरच्या मैत्रिणीशी बोलायचं नाही. वर कॅमेरा. बसलेली दिसली तर पगारातून दंड. पोटऱ्या दगडासारख्या होतात, घोटे सुजतात, पायाच्या शिरा निळ्या होऊन वर येतात. घरी गेल्यावर आधी पाय वर करून पडायचं, मग चूल.

बसल्यानं दुकानाचं नक्की काय नुकसान होतं? साडी विकायला उभं राहावं लागतं, हे मान्य. पण गिऱ्हाईक नसताना रिकाम्या काउंटरमागं उभं राहून कोणती साडी विकली जाते? तिथं माल विकला जात नसतो. मालक ते बारा तास पूर्णपणे आपले मानतो, आणि बाईनं सरळ उभं राहून ते मान्य करायचं असतं. म्हणून स्टुलाची मागणी ही पगाराचीच मागणी आहे. किती वेळ विकला, त्या वेळात शरीर किती विकलं, आणि बदल्यात काय मिळालं, हाच तो हिशेब.

बसायचंच असेल तर घरी बसा, असं व्यापाऱ्यांच्या बाजूनं सांगितलं गेलं. ज्यांच्या घरी बसून भागलं असतं, त्या पहाटे उठून बस पकडतील कशाला?

[दृश्य : लंडनमधल्या जुन्या दुकानांची छायाचित्रं.]

ही मागणी काही आजची नाही. ब्रिटनच्या संसदेनं 1899 मध्ये खास एवढ्यासाठी कायदा केला, की दुकानात काम करणाऱ्या दर तीन बायकांमागं एक आसन असलंच पाहिजे. आपल्या देशात 1948 च्या कारखाने अधिनियमाच्या कलम 44 मध्ये उभ्यानं काम करणाऱ्या कामगारांसाठी बसण्याची सोय सांगितली आहे. म्हणजे गिरणीतल्या कामगाराला स्वातंत्र्यानंतर लगेच मिळालेला हक्क, त्याच गिरणीचं कापड विकणाऱ्या बाईला सत्तर वर्षं मिळाला नाही.

[दृश्य : त्रिशूर. वडक्कुन्नाथन मंदिराभोवतालचा गोल रस्ता, सोन्याची आणि साड्यांची दुकानं.]

त्रिशूर हे केरळच्या सोन्या-कापडाच्या व्यापाराचं गाव. डिसेंबर 2014. इथल्या कल्याण सारीज या शोरूममधल्या सहा बायकांच्या हातात बदलीचे आदेश आले. गाव, घर, मुलं सोडून दूरच्या शहरात. आम्ही संघटनेत गेलो, बसायची आणि नीट पगाराची मागणी केली म्हणूनच या बदल्या, असं त्यांचं म्हणणं होतं. आदेश घेऊन त्या घरी गेल्या नाहीत. वर्ष संपता संपता, ज्या दुकानात वर्षानुवर्षं उभ्या राहिल्या त्याच दुकानासमोर त्या धरणं देऊन बसल्या. पाठीशी विजींची असंघटित क्षेत्रातल्या कामगारांची संघटना होती. केरळात ‘इरिक्कल समरम’, म्हणजे बसण्याचा लढा, हे नाव घरोघर पोचलं ते या सहाजणींमुळं.

मागण्या साध्या होत्या. बदल्या मागं घ्या. सरकारनं ठरवलेलं किमान वेतन द्या. कामाचे तास ठरवा, जास्त थांबवलं तर त्याचे पैसे द्या. बसू द्या.

शंभराहून जास्त दिवस त्या तिथं होत्या. सुरुवातीला पेपरांत आणि वाहिन्यांवर फारसं काही येत नव्हतं. कापडाची आणि सोन्याची दुकानं हे जाहिरातींचं मोठं गिऱ्हाईक, म्हणून माध्यमं गप्प आहेत, हा आरोप त्या काळात उघडपणे झाला. बातमी पसरली ती फेसबुकवरून. विद्यार्थी आले, लेखक आले, बायकांच्या संघटना आल्या. शेवटी एप्रिल 2015 मध्ये तडजोड झाली आणि बदल्या मागं घेण्याचं मान्य झालं.

त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये मुन्नारच्या चहामळ्यांतल्या हजारो बायका 20 टक्के बोनस आणि रोजच्या मजुरीत वाढ मागत रस्त्यावर उतरल्या. त्यांनी तर प्रस्थापित संघटनांच्या पुढाऱ्यांना जवळही येऊ दिलं नाही. साडीचं दुकान आणि चहाचा मळा यांत अंतर पुष्कळ, पण आपल्या वतीनं दुसऱ्यानं बोलायचं नाही, हे दोन्हीकडच्या बायकांनी एकाच वर्षात ठरवलं होतं.

[दृश्य : तिरुवनंतपुरम, सचिवालय.]

जुलै 2018 मध्ये केरळच्या मंत्रिमंडळानं दुकानांचा 1960 चा कायदा बदलायचं ठरवलं आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये वटहुकूम निघाला. कायद्यात 21 ब हे नवं कलम आलं. कामाच्या ओघात बसायची संधी मिळेल तेव्हा बसता यावं, अशी सोय प्रत्येक दुकानात सगळ्या कामगारांसाठी करायची. सगळ्या, म्हणजे पुरुषांसाठीसुद्धा. बायकांनी लढून मिळवलेलं कलम दुकानातल्या प्रत्येक पोराच्या कामी आलं. त्याच वर्षी बीबीसीनं जगभरातल्या 100 स्त्रियांच्या यादीत विजींचं नाव घेतलं.

सप्टेंबर 2021 मध्ये तमिळनाडूच्या विधानसभेनंही असंच कलम मंजूर केलं. चेन्नईच्या टी. नगरमधल्या मजल्यामजल्यांच्या कापडदुकानांत किती हजार माणसं दिवसभर उभी असतात, हे तिथं दिवाळीची खरेदी केलेल्या प्रत्येकानं पाहिलेलं आहे.

कायदा झाला, स्टूल आलं, आणि काही दुकानांत स्टूल नुसतंच आलं. ते काउंटरखाली असतं. त्यावर बसणारीकडं मॅनेजर कसा बघतो, यावर ती बसणार की नाही ते ठरतं. दुकानं हजारो आणि तपासणीला येणारे अधिकारी मोजके. पगाराचं तर याहून अवघड. वहीत एक आकडा लिहून घ्यायचा आणि हातात दुसरा ठेवायचा, ही दुकानदारीतली जुनी खोड. म्हणून पगार बँकेतच जमा करा, हा आग्रह आता स्टुलाइतकाच महत्त्वाचा झाला आहे. नोकरी जाण्याची टांगती तलवार आहे तोवर कलम वाचून दाखवणारी संघटना बाईच्या पाठीशी लागतेच.

[दृश्य : महाराष्ट्रातला बाजार. मॉलमधलं कपड्यांचं दुकान. उभी असलेली मुलं-मुली.]

आता महाराष्ट्राकडं येऊ. आपण ज्याला शॉप ॲक्ट किंवा गुमास्ता कायदा म्हणतो, तो 2017 मध्ये नव्यानं लिहिला गेला. सुरुवातीला दहा किंवा त्याहून जास्त कामगार असलेल्या दुकानांना तो पूर्णपणे लागू होता; 2025 मध्ये ही मर्यादा वीस कामगारांवर नेली गेली. त्यात पिण्याचं पाणी आहे, स्वच्छतागृह आहे, पाळणाघराचीही तरतूद आहे. केरळसारखं बसण्याच्या हक्काचं कलम तेव्हा त्यात घातलं गेलं नाही. केंद्राच्या 2020 च्या व्यावसायिक सुरक्षा आणि आरोग्याच्या संहितेत उभ्यानं काम करणाऱ्यांसाठी बसण्याची सोय लिहिलेली आहे आणि नोव्हेंबर 2025 पासून ती संहिता अमलात आली आहे. पण दहापेक्षा कमी माणसं असलेलं दुकान तिच्याही बाहेर राहतं, आणि आपल्या बाजारपेठांत अशी दुकानंच जास्त.

किमान वेतन मात्र लहान दुकानालाही चुकत नाही. महाराष्ट्रात ते दोन भागांत असतं, मूळ वेतन आणि विशेष भत्ता. हा भत्ता महागाईप्रमाणं वर्षातून दोनदा, जानेवारी आणि जुलैत बदलतो. दुकानात काम करणाऱ्या किती जणींना हे कुणी सांगितलेलं असतं? जुलैत आपला आकडा बदलला का, हे विचारायला त्यांच्यातली एकजण मालकासमोर गेली तर ती एकटी पडते. कोळिकोडच्या बायकांना हे पुरतं ठाऊक होतं, म्हणून त्या आधी जिन्यात, बसस्टॉपवर एकमेकींना भेटल्या आणि त्यानंतर कामगार कार्यालयात गेल्या. आपल्या प्रत्येक जिल्ह्यालाही कामगार खात्याचं कार्यालय आहे. तिथं तक्रार लेखी द्यायची, तिच्यावर तारखेचा शिक्का मारून पोच घ्यायची, आणि सही करताना चौघींनी मिळून करायची.