अडीच हजार मीटरची धावपट्टी आणि पंधरा वर्षांचा करार

(कुडाळ इथे दिलेल्या व्याख्यानाचं संपादित रूप)

मंडळी, नमस्कार.

आपल्या सिंधुदुर्गातल्या चिपी विमानतळाची धावपट्टी २,५०० मीटर लांब आहे. बेल्जियममधल्या शार्लरवा शहराच्या विमानतळाची धावपट्टी २००१ मध्ये २,५५० मीटर होती. पन्नास मीटरचा फरक. एका रांगेत माड लावले तर सहा-सात माड बसतील एवढाच. त्या विमानतळावर २०२४ मध्ये एक कोटीहून जास्त प्रवाशांची ये-जा झाली. मी सहा वर्षं ब्रसेल्सला होते आणि घरी यायचं सोडलं तर युरोपातला माझा जवळजवळ सगळा प्रवास तिथूनच झाला. चिपीचं विमानतळ झालं तेव्हापासून मला हे सगळं इथे येऊन सांगायचं होतं.

शार्लरवा म्हणजे आधी कोळसा, पोलाद आणि काच. बेल्जियमच्या दक्षिणेचा फ्रेंच बोलणारा भाग म्हणजे वालोनिया, त्यातलं हे शहर. या पट्ट्याला तिथले लोक ‘काळा मुलूख’ म्हणत. दुसऱ्या महायुद्धानंतर खाणीत उतरायला स्थानिक माणसं मिळेनात, म्हणून १९४६ मध्ये इटलीशी करार झाला: इटलीनं माणसं द्यायची, बेल्जियमनं कोळसा. ८ ऑगस्ट १९५६ ला शार्लरवाजवळ मार्सिनेलच्या खाणीत आग लागली आणि २६२ माणसं गेली, त्यातली १३६ इटालियन होती. ती खाण आता स्मारक आहे. मी तिथे गेले तेव्हा भिंतीवरची नावं वाचताना मला सारखं गिरणगाव आठवत होतं. आपल्याही घराघरातला एक माणूस गिरणीत होता. गिरण्या बंद पडल्या तेव्हा ज्या घरांतली मनिऑर्डर थांबली, त्या घरांतली माणसं आज या सभागृहात बसली आहेत. शार्लरवाच्या पट्ट्यातली शेवटची खाण १९८४ मध्ये बंद झाली. पोलादही आटत गेलं.

शहराच्या उत्तरेला गोसली इथे जुना विमानतळ होता, शेजारी विमानांचे कारखाने. प्रवासी मात्र फारसे नव्हते. ब्रसेल्सचा मोठा विमानतळ झाव्हेन्टेम गाडीनं तासाभरावर असताना इथे कोण येणार? १९९१ मध्ये वालोनिया सरकारच्या पुढाकारानं विमानतळ चालवायला एक सार्वजनिक कंपनी काढली, तरी पुढची काही वर्षं गाडं हललं नाही.

१९९७ च्या मे महिन्यात रायनएअर या आयरिश कंपनीनं डब्लिन ते शार्लरवा विमान सुरू केलं. युरोपीय संघातल्या कंपन्यांना संघात कुठेही उडायची मुभा त्याच सुमारास पुरती मिळाली होती. तरी खरी उडी एप्रिल २००१ मध्ये पडली. कंपनीनं शार्लरवाला तळ केला, म्हणजे विमानं रात्री तिथेच मुक्कामाला राहणार, वैमानिक आणि कर्मचारी तिथेच घर करणार आणि पहाटेचं पहिलं उड्डाण तिथूनच होणार. सुरुवातीच्या मार्गांत पिसा होतं, व्हेनिसजवळचं त्रेविझो होतं. खाणकामगारांची नातवंडं आजोळी जायला लागली.

आता या करारात काय होतं ते नीट सांगते. यासाठीच मी आले आहे.

विमानतळ विमान उतरवण्याचं भाडं घेतो. ते इथे चढणाऱ्या प्रवाशामागे एक युरो ठरलं, इतरांच्या निम्मं. सामान उतरवणं, शिड्या लावणं, प्रवासी चढवणं, या सगळ्या जमिनीवरच्या कामाला प्रवाशामागे आणखी एक युरो. शिवाय प्रत्येक नव्या मार्गाला १,६०,००० युरो, असे बारा मार्गांपर्यंत. वैमानिकांची भरती आणि प्रशिक्षण यांसाठी ७,६८,००० युरो. कर्मचाऱ्यांच्या हॉटेलखर्चासाठी अडीच लाख. जाहिरातीसाठी वेगळे पैसे. वाचताना वाटतं, सरकारनं तिजोरीच उघडून दिली.

कंपनीनं काय द्यायचं होतं, तेही ऐका. दोन ते चार विमानं कायम तिथे ठेवायची, प्रत्येक विमानाच्या दिवसाला किमान तीन फेऱ्या करायच्या आणि हे पंधरा वर्षं पाळायचं. मध्येच सोडून गेल्यास मिळालेल्या पैशांची परतफेड करायची. पंधरा वर्षं म्हणजे आज शाळेत घातलेलं पोर कॉलेजातून बाहेर पडेपर्यंत. एवढी हमी हातात असली की माणूस हॉटेलसाठी कर्ज काढतो, टॅक्सी घेतो, बँकही दार उघडते.

पण याच करारातलं एक कलम मला आजही खटकतं. पुढे सरकारनं विमानतळाचं भाडं बदललं किंवा विमानतळाच्या वेळा बदलल्या आणि त्यानं कंपनीचा तोटा झाला, तर तो सरकारनं भरून द्यायचा. धावपट्टीशेजारी राहणाऱ्या माणसाला उद्या रात्रीची झोप मागायची असेल, तर त्याच्या सरकारनं ती आधीच गहाण टाकलेली. असं कलम आपल्याकडे कुणी पुढे केलं, तर सही करू देऊ नका.

स्वस्त तिकिटाचं गणित मला समजलं ते गोसलीच्या काचेपाशी उभं राहून. एकदा माझं विमान उशिराचं होतं. समोर एक निळं-पिवळं बोईंग ७३७ येऊन उभं राहिलं. मी घड्याळ लावलं. इमारतीतून थेट विमानात नेणाऱ्या पुलाची सोय तिथे नव्हती. पुढच्या दारातून विमानाचीच घडीची शिडी बाहेर आली, मागच्या दाराला लोकांनी शिडी ढकलत आणून लावली. दोन्हीकडून माणसं उतरू लागली. शेवटचा प्रवासी खाली यायच्या आत पोटातलं सामान पट्ट्यावरून गाडीत पडत होतं. आत तेच हवाई कर्मचारी कचरा गोळा करत होते, सफाईला वेगळी माणसं नव्हती. इकडे नवे प्रवासी दाराबाहेर वाऱ्यात रांग लावून उभे होते. पंचविसाव्या मिनिटाला चाकांखालचे ठोकळे काढले. १८९ माणसं उतरली, तेवढीच चढली, विमान निघालं.

मोठ्या विमानतळावर याच कामाला तास सहज जातो. दर खेपेला अर्धा तास वाचला तर दिवसात एक-दोन खेपा वाढतात आणि विमानाचा हप्ता जास्त तिकिटांवर वाटला जातो. एकाच जातीची विमानं, म्हणून एकच प्रशिक्षण आणि एकच सुटे भाग. विमानातलं जेवण विकत. यासाठी विमानतळही तसाच लागतो: गर्दी नसलेला, धावपट्टीपासून दारापर्यंत पाच मिनिटांत पोचवणारा, साधा. संगमरवरी विमानतळ या विमानांच्या काही कामाचा नाही. आपल्याकडे विमानतळ म्हटलं की आधी इमारतीचं चित्र छापून येतं. शार्लरवाला आधी विमानं आली, पुढची सात वर्षं कारभार जुन्या इमारतीतच दाटीवाटीनं चालला आणि ३० लाख प्रवाशांची नवी इमारत उघडली ती जानेवारी २००८ मध्ये.

आकडे बघा. २००० मध्ये वर्षाला अडीच लाख प्रवासी. २००३ मध्ये १८ लाख. २०१२ मध्ये ६५ लाख. २०१९ मध्ये ८२ लाख. धावपट्टी ३,२०० मीटर केली ती २०२१ मध्ये, म्हणजे हे ८२ लाख जुन्याच लांबीवर झाले.

विमानतळाला मग पैसा कुठून मिळतो? माणसामागे एक युरो भाडं, पण तोच माणूस गाडी उभी करतो त्याचे पैसे, कॉफीचे पैसे, दुकानांचं भाडं. माणसं आली की बाकीचं येतं.

हे सुखासुखी झालं नाही. युरोपीय आयोगानं १२ फेब्रुवारी २००४ ला निकाल दिला: यातला काही भाग बेकायदा सरकारी मदत आहे, सुमारे ४० लाख युरो परत घ्या. प्रश्न अगदी मुळातला होता. सरकार विमानतळाचं मालक म्हणून भाड्यात सवलत देतं, तेव्हा तो व्यापार की खिरापत? खाजगी मालकानं असा सौदा केला असता का? १७ डिसेंबर २००८ ला युरोपीय संघाच्या लक्झेंबर्गमधल्या न्यायालयानं आयोगाचा निकाल रद्द केला. सरकार आणि विमानतळ कंपनी यांना एकच व्यावसायिक घटक धरून हिशेब करायला हवा होता, असं न्यायालय म्हणालं. आयोगानं पुन्हा तपासलं आणि २०१४ मध्ये मान्य केलं की विमान कंपनीशी केलेले करार बाजाराला धरून होते. विमानतळानं मात्र सरकारला पुरेसं शुल्क दिलं नव्हतं, ते वसूल करायला सांगितलं. या भांडणाचा मला मोठा फायदा दिसतो. त्यामुळे कराराचा प्रत्येक युरो लोकांसमोर आला. मी तुम्हाला आज हे आकडे सांगू शकते ते त्यामुळेच.

आता आपल्याकडे. ‘उडान’ योजनेत सरकार निवडलेल्या मार्गावर विमान कंपनीची तूट तीन वर्षं भरून देतं. कॅगचा २०२३ चा अहवाल सांगतो की योजनेच्या पहिल्या तीन टप्प्यांत दिलेल्या ७७४ मार्गांपैकी ४०३ सुरूच झाले नाहीत. सुरू झालेल्या ३७१ पैकी तीन वर्षं पुरी केली ११२ मार्गांनी, आणि त्यानंतरही मार्च २०२३ मध्ये चालू होते फक्त ५४. आपली चिपी ९ ऑक्टोबर २०२१ ला सुरू झाली. ‘उडान’मधलं मुंबईचं विमान तीन वर्षांची मुदत भरली तशी ऑक्टोबर २०२४ मध्ये थांबलं. मला याचं फार वाईट वाटलं, कारण पहिल्या वर्षी माझे सत्तरीचे काका त्यातून आले होते. रात्रभर कोकणकन्येत बसून पाय सुजायचे त्यांचे.

तीन वर्षांची मदत आणि पंधरा वर्षांचा करार, दोन्हींत सरकारी पैसा जातो. शार्लरवाला त्या पैशाच्या बदल्यात विमान गावात मुक्कामाला आलं. आपल्याकडे ते मुंबईहून यायचं नि परत जायचं, दिवसातून एकदा. चतुर्थीला येताना भरलेलं, जाताना रिकामं, आणि चार दिवसांनी उलट. अशा फेरीवर कुठलीही कंपनी टिकणं कठीण. एका विमानाचा मुक्काम इथे हवा, मग सकाळी पुणे, दुपारी बंगळूर, संध्याकाळी मुंबई असं ते फिरेल आणि ज्या दिवशी मुंबईचा माणूस नसेल त्या दिवशी दुसरीकडचा असेल.

शार्लरवाची दुखणीही आहेत. प्रवाशांचा सिंहाचा वाटा एकाच कंपनीकडे आहे. २०२५ च्या अखेरीस तिथल्या नगरपालिकेनं प्रवाशामागे तीन युरो कर लावायचं ठरवलं, देशाचा कर आधीच वाढत होता. कंपनीनं लगोलग जाहीर केलं की बेल्जियममधली काही विमानं हलवू, वीस मार्ग बंद करू. पंचवीस वर्षं झाली तरी गावानं तीन युरो मागितले की हे उत्तर येतं. म्हणून करार करताना दुसरी कंपनी पहिल्या दिवसापासून दारात हवी.

इथे येताना एकांनी मला विचारलं, ‘ताई, मोपा झाल्यावर चिपी कशाक होयी?’ प्रश्न रास्त आहे. गोव्यातल्या मोपाहून जानेवारी २०२३ पासून विमानं उडतात आणि सावंतवाडीकराला ते जवळ पडतं. ब्रसेल्सचं सांगते. झाव्हेन्टेमला २००० मध्ये २ कोटी १६ लाख प्रवासी होते. पुढच्या वर्षी सबेना ही राष्ट्रीय कंपनी बुडाली आणि आकडा खूप खाली आला. २०१९ मध्ये तो २ कोटी ६४ लाखांवर होता, त्याच वर्षी शार्लरवाला ८२ लाख. दोघंही वाढले, कारण शार्लरवाला आलेले कितीतरी जण आधी विमानात बसतच नव्हते. त्यांच्या पाठीशी ब्रसेल्ससारखं शहर होतं, आपल्या पाठीशी तेवढी वस्ती नाही, हे मी मान्य करते. म्हणून मी कोटीचं स्वप्न दाखवत नाही. दोन-तीन लाख प्रवासी आणि मुक्कामाचं एक विमान, एवढं मला शक्य कोटीतलं वाटतं.

आणि एक गोष्ट उद्यापासून करता येईल. शार्लरवाच्या विमानतळाला रेल्वे स्टेशन नाही. तरी ब्रसेल्सच्या मिदी स्टेशनाबाहेरून पहाटे अंधारात बस सुटते, पहिल्या विमानाची वेळ धरून. मी तिच्यात कितीदा तरी बसले आहे, शेजारी झोपाळू विद्यार्थी आणि इटलीला निघालेल्या आजीबाई. चिपीला विमान उतरलं की कुडाळ स्टेशनाकडे आणि मालवणकडे जाणारी एसटी दारात उभी हवी. त्यासाठी आगार व्यवस्थापकांना द्यायचं निवेदन मी लिहून आणलं आहे. बाहेर टेबलावर ठेवलं आहे, सह्या करून जा.