मोल्टनच्या घरातील चामड्याचा हौद

इंग्लंडच्या नॉर्थॅम्प्टनशायरमधील मोल्टन गावी, बॅप्टिस्ट या ख्रिस्ती पंथाच्या चॅपेलला (प्रार्थनागृहाला) लागून असलेल्या या लहानशा घरात चामडे भिजवण्याचा हा हौद आजही जपून ठेवलेला आहे. १७८५ पासून सुमारे चार वर्षे, पुढे मिशनरी म्हणून बंगालला गेलेले विल्यम कॅरी येथे राहत होते. रविवारी ते शेजारच्या चॅपेलमध्ये पाळक म्हणून प्रवचन देत आणि एरवी जोडे शिवीत.

गुरांची कुरणे, कातडी कमावण्यासाठी लागणारी ओकची साल आणि सैन्याच्या बुटांची मागणी यांमुळे या परगण्यात हा धंदा रुजला होता. भिजलेले तळाचे चामडे मांडीवरच्या सपाट दगडावर ठेवून हातोडीने ठोकले, की ते दाट होते. वरचे चामडे लाकडी फर्म्यावर ताणून बसवले जाते, आणि मग मेण चोळलेला वाखाचा दोरा, ज्याच्या दोन्ही टोकांना सुईऐवजी डुकराचे राठ केस जोडलेले असतात, आरीने पाडलेल्या एकाच छिद्रातून दोन्ही बाजूंनी ओढून टाका आवळला जातो. आपल्याकडचा कोणताही चर्मकार ही आरी आणि हे बसणे पाहताक्षणी ओळखील.

विणकराच्या घरी १७६१ मध्ये जन्मलेल्या कॅरींना उन्हाने त्वचेचा त्रास होई, म्हणून शेतकाम सुटले आणि वयाच्या चौदाव्या वर्षाच्या सुमारास पिडिंग्टनमध्ये ते चांभारकामाची उमेदवारी करू लागले. सोबतच्या उमेदवाराने, जॉन वॉर यांनी, त्यांना इंग्लंडच्या प्रस्थापित, म्हणजे राजमान्य, चर्चबाहेरच्या ख्रिस्ती मंडळीकडे नेले, म्हणजे या घराचा धर्मही कामाच्या बाकावरूनच आला. १७८१ मध्ये पिडिंग्टनच्या चर्चमध्ये डोरोथी प्लॅकेट यांच्याशी त्यांचा विवाह झाला. नोंदवहीत डोरोथींच्या नावापुढे फुली आहे, कारण त्यांना लिहिता येत नव्हते. ५ ऑक्टोबर १७८३ रोजी नेन नदीच्या पात्रात बॅप्टिस्ट पाळक जॉन रायलंड यांनी कॅरींना बाप्तिस्मा दिला. त्या वेळी रायलंड यांच्या दृष्टीने ते केवळ एक गरीब चांभार कारागीर होते.

मोल्टनच्या कामाच्या खोलीत भिंतीवर त्यांनी स्वतः कागद चिकटवून केलेला जगाचा मोठा नकाशा टांगलेला होता, त्यावर देशोदेशींची लोकसंख्या आणि धर्म लिहिलेले होते, अशी आठवण केटरिंगचे बॅप्टिस्ट पाळक अँड्र्यू फुलर यांनी नोंदवली आहे. शिवलेले जोडे पाठीवर घेऊन कॅरी सुमारे १० मैलांवरच्या केटरिंगला चालत जात. तेथील बूट-व्यापारी थॉमस गॉच यांनी त्यांना आठवड्याला १० शिलिंग देऊ करून जोड्यांऐवजी भाषांचा अभ्यास करण्यास सांगितले, असे चरित्रकार लिहितात. याच केटरिंगमध्ये २ ऑक्टोबर १७९२ रोजी बॅप्टिस्ट मिशनरी सोसायटी स्थापन झाली आणि पुढच्या वर्षी हे कुटुंब बंगालला निघाले.

तेथे त्यांचा लहानगा मुलगा पीटर वारला, डोरोथींचे मन कायमचे ढासळले आणि १८०७ मध्ये त्यांचे निधन झाले.

समोरचे हे पान १८०५ च्या मराठी व्याकरणाचे आहे. कॅरी तेव्हा कलकत्त्याच्या फोर्ट विल्यम कॉलेजात मराठी शिकवीत होते आणि वैजनाथ पंडित त्यांच्या साहाय्याला होते. १८१० मध्ये त्यांचा मराठी-इंग्रजी कोश बंगालमधील श्रीरामपूरच्या (सेरामपूरच्या) छापखान्यातून मोडी अक्षरांत बाहेर पडला.