देव तारी त्याला, आणि बाकीच्यांना?

मंडळी, ‘देव तारी त्याला कोण मारी’ ही म्हण आपण सगळेच वापरतो. अपघातातून कुणी धडधाकट घरी आलं की ती आपसूक ओठांवर येते. माझ्याही यायची. किल्लारीच्या भूकंपानंतर ती मला उच्चारता येईना. का, तेच आज सांगायचं आहे.

२९ सप्टेंबर १९९३, अनंत चतुर्दशी. गावोगावचे गणपती बोळवून लोक रात्री उशिरा अंथरुणावर पडले होते. पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी जमीन हलली. लातूर आणि उस्मानाबाद या दोन जिल्ह्यांतली ५२ गावं जमीनदोस्त झाली. मृतांचा सरकारी आकडा आठ हजारांच्या घरातला आहे, काही ठिकाणी तो दहा हजारांच्या आसपास सांगतात. दहा दिवस आरत्या केलेली, मोदकाचा नैवेद्य दाखवलेली ही माणसं. ज्या घरातून मूर्ती उचलून नेली, तेच घर काही तासांत अंगावर आलं.

मी तेव्हा कॉलेजात होतो. आम्ही काही मुलं औसा तालुक्यातल्या एका छावणीत कामाला गेलो. तिथं एक बाई होत्या. नवरा शेतावर राखणीला होता म्हणून वाचला. त्यांना स्वतःला शेजाऱ्यांनी माती उकरून काढलं. दोन्ही मुलं गेली. भेटायला आलेले एक सज्जन त्यांच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, ‘देवाची कृपा म्हणायची ताई, तुम्ही दोघं तरी वाचलात.’ बाईंनी मान वर केली आणि विचारलं, ‘मग माझ्या लेकरांनी त्याचं काय घोडं मारलं होतं?’

ते सज्जन काही वाईट नव्हते. त्यांना धीर द्यायचा होता. पण ‘देवानं तुम्हाला वाचवलं’ हे वाक्य एकटं येत नाही. पलीकडे जी दोन पोरं चादरीत गुंडाळून ठेवली आहेत, त्यांच्याबद्दलही ते काहीतरी बोलून जातं. ज्यानं हिला हात दिला, त्यानं त्यांना दिला नाही. का नाही दिला? आता कारण शोधावं लागतं, आणि कारण शोधायला निघालं की माणूस पापापाशीच येऊन थांबतो. या जन्मीचं सापडलं नाही तर गेल्या जन्मीचं. तीन वर्षांच्या पोराच्या माथी गेल्या जन्मीचं पाप मारताना आपली जीभ अडखळायला हवी.

यात भलेभले अडकले आहेत. १५ जानेवारी १९३४ ला बिहारमध्ये भूकंप झाला, तेव्हा गांधीजी म्हणाले की अस्पृश्यतेच्या पापाची ही ईश्वरी शिक्षा आहे. रवींद्रनाथ ठाकूरांनी त्याला जाहीर विरोध केला. मी गांधीजींना फार मानतो, आणि अस्पृश्यता हे पाप होतं याबद्दल माझ्या मनात तिळभर शंका नाही. पण बिहारात ज्यांची घरं पडली, त्यांत अस्पृश्यांचीही होती. त्यांना कशाची शिक्षा?

मग किल्लारीत कोण वाचलं? माझ्या मते हा विचारण्यासारखा प्रश्न आहे, कारण त्याला उत्तर आहे. त्या भागातलं जुनं घर डोळ्यांपुढे आणा. दोन-अडीच फूट जाडीची दगडी भिंत. बाहेरून किल्ल्यासारखी. पण आतून ती एक नसते, दोन असतात: बाहेरच्या अंगाला एक थर, आतल्या अंगाला एक, मध्ये दगडगोटे आणि माती. दोन्ही थरांना धरून ठेवणारा, भिंतीच्या आरपार जाणारा लांब दगड बहुतेक ठिकाणी घातलेलाच नव्हता. वर माळवद, म्हणजे लाकडावर माती पसरून केलेलं सपाट छप्पर. गळू नये म्हणून दर पावसाळ्याआधी त्यावर आणखी माती टाकायची. बापानं टाकली, आजानं टाकली, होता होता दीड-दोन फुटांचा थर झाला. जमीन हलली तशी भिंत मधोमध उकलली, आणि वरचा तो सगळा भार झोपलेल्या माणसांवर आला. शेतात, अंगणात झोपलेले वाचले. कुडाच्या, छपराच्या घरातले पुष्कळ वाचले. गरिबाच्या डोक्यावर पाचट होतं, त्यानं जीव गेला नाही. पाच दिवसांनी लष्कराच्या जवानांना ढिगाऱ्यात दीड वर्षाची एक मुलगी जिवंत सापडली. सगळे चमत्कार म्हणाले. माझेही डोळे भरून आले होते. ती पलंगाखाली होती.

आणखी एक गोष्ट मला आजही झोपू देत नाही. आदल्या वर्षी, १९९२ मध्ये, किल्लारीला धक्के बसले होते. लोक घाबरून कित्येक रात्री बाहेर झोपले. धक्के थांबले, लोक परत आत गेले. तेव्हाच्या भूकंपाच्या नकाशात हा मुलूख सगळ्यात कमी धोक्याच्या पट्ट्यात होता. तो नकाशा बदलला २००२ साली. पहिले धक्के आणि भूकंप यांच्या मधल्या वर्षभरात माळवदावरची माती उतरवता आली असती. ‘त्याची मर्जी’ म्हटलं की हे विचारायचं राहून जातं, म्हणून माझा त्या शब्दांवर राग आहे. मांढरदेवीला २५ जानेवारी २००५ रोजी जवळपास तीनशे भाविक चेंगराचेंगरीत गेले. देवीच्याच दारात. नारळाच्या पाण्यानं निसरड्या झालेल्या पायऱ्या, चिंचोळी वाट आणि अफाट गर्दी. तिथंही ‘देवीचा कोप’ म्हणणारे होतेच.

कुणी म्हणेल, दुःखी माणसाचा आधार का काढून घेता? मी घेत नाही. त्या बाईंनी देव्हारा सोडला नाही, आणि मी त्यांना कधी सोडा म्हटलं नाही. रडणाऱ्या माणसाजवळ बसावं, वाद घालू नये. मी बोलतोय ते आपल्याशी, जे वाचलेत आणि सुखरूप घरात बसून दुसऱ्याच्या मरणाचा अर्थ लावतात.

पुढं जी घरं पडली नव्हती, ती बळकट करायचं काम निघालं. जुन्या भिंतीला आरपार भोक पाडायचं, त्यात लोखंडी सळई घालून काँक्रीट भरायचं, म्हणजे दोन्ही थर एकमेकांना धरून राहतात. त्या बाईंच्या भावाच्या घरी हे चालू होतं, तेव्हा मी गेलो होतो. बाई भिंतीपाशीच उभ्या होत्या. गवंड्यानं पहार बाजूला ठेवली, तशी त्यांनी त्याला थांबवलं. खांद्यापर्यंत हात त्या भोकात घातला आणि पलीकडे उभ्या असलेल्या भाच्याला हाक मारली, ‘बोटं दिसतात का रे?’