सत्ता बदलली तरी टिकेल असे हवामान धोरण

मंडळी, हवामान बदलाविषयी बोलायचे म्हटले की सुरुवात बहुधा वितळणाऱ्या बर्फापासून होते. मी मात्र महाराष्ट्र-कर्नाटक सीमेवरच्या वेदगंगा-दूधगंगा नद्यांच्या काठावरच्या, शेतीला पाणी उपसणाऱ्या मोटारींपासून करणार आहे. नदी फुगू लागली की मोटार खोलून ती चौघांनी उचलून वरच्या बांधावर न्यावी लागते, आणि हे काम उजेड असताना, हाताशी माणसे असतानाच होते. काळम्मावाडी धरणाचा विसर्ग वाढल्याचा निरोप मध्यरात्री आला, तर मोटार जाते आणि पाठोपाठ उसाच्या पोंग्यात गाळ बसून उभे पीकही कुजते. 2019 च्या ऑगस्टमध्ये निपाणी, चिकोडी, अथणी या तालुक्यांनी हे भोगले, आणि पलीकडे शिरोळनेही भोगले.

थोड्या दिवसांत प्रचंड पाऊस कोसळण्याचे प्रमाण तापमानवाढीमुळे वाढते आहे, यावर शास्त्रज्ञांत फारसा मतभेद उरलेला नाही. मतभेद आहे तो उपायांवर, आणि आपल्याकडे तो पक्षापक्षांतही नाही, दोन राज्यांत आहे. कर्नाटकातील कृष्णेवरच्या अलमट्टी धरणाची उंची 519.60 मीटरवरून 524.256 मीटर करण्यास कृष्णा पाणी तंटा लवादाने 2010 मध्ये मुभा दिली. कर्नाटकातील सारे पक्ष त्यासाठी आग्रही आहेत आणि महाराष्ट्रातील सारे पक्ष विरोधात आहेत. आपण सीमाभागातील लोक मात्र कोयना-काळम्मावाडीच्या खाली आणि अलमट्टीच्या वर राहतो. दोन्ही राज्यांच्या निर्णयांचे पाणी आपल्याच शिवारात येते, म्हणून दोन्हीकडच्या पक्षांना जाब विचारण्याचा अधिकार आपल्याइतका कोणाचाच नाही, असे मला मनापासून वाटते.

समझोता अशक्य नसतो. जून 2021 मध्ये महाराष्ट्राचे तत्कालीन जलसंपदा मंत्री जयंत पाटील बंगळुरूला जाऊन मुख्यमंत्री येडियुरप्पा यांना भेटले. दोघे परस्परविरोधी पक्षांचे होते, सीमाप्रश्न तसाच पेटता होता, तरीही पूरकाळात धरणांतील पाण्याबाबत समन्वय ठेवण्याचे त्यांनी ठरवले. माझा आक्षेप एवढाच आहे की असा समन्वय मंत्र्यांच्या भेटीवर आणि अधिकाऱ्यांच्या फोनवर अवलंबून राहू नये.

याबाबतीत दोन देशांचा अनुभव बोलका आहे. ब्रिटनच्या संसदेने 2008 मध्ये हवामान बदलाचा कायदा जवळजवळ एकमताने केला. तो मजूर पक्षाच्या काळात झाला आणि 2019 मध्ये हुजूर पक्षाच्या सरकारने त्यातील उद्दिष्ट आणखी कडक केले. ऑस्ट्रेलियात 2012 मध्ये लागू झालेला कार्बन उत्सर्जनावरील आकार (शुल्क) मात्र निवडणुकीचा मुद्दा बनला आणि सत्तांतरानंतर 2014 मध्ये रद्द झाला.

आपल्याकडे अवघड परीक्षा पुराच्या निरोपाची नाही, ती मोफत विजेवर उपसलेल्या पाण्याने वाढणाऱ्या उसाची आहे. कर्नाटकात 10 अश्वशक्तीपर्यंतच्या शेतीपंपांना वीज मोफत आहे आणि ती सवलत काढण्याची भाषा कोणताही पक्ष करणार नाही. करावी असे मीही म्हणत नाही, कारण छोट्या शेतकऱ्याचा संसार तिच्यावर चालतो. पण त्याच अनुदानाच्या वाढत्या बोजातला काही भाग सौर पंप आणि ठिबककडे वळवता येईल, आणि पूररेषेच्या आत उसाऐवजी दुसरे पीक घेणाऱ्याला पहिली तीन वर्षे खात्रीचा भाव देता येईल. पुढच्या निवडणुकीत मते मागायला येणाऱ्या प्रत्येक पक्षाला, तो महाराष्ट्र एकीकरण समितीचा असो वा राष्ट्रीय, आपण दोन गोष्टी लेखी मागाव्यात: विसर्गाची सूचना किती तास आधी मिळेल आणि या तीन वर्षांचे पैसे कोणत्या खात्यातून येतील.