रात्री दोन वाजताची वीज

नमस्कार. मघाशी ओळख करून देताना सांगितलंच, मी बरीच वर्षं कंपन्यांचा ऊर्जेचा डेटा गोळा करतोय, म्हणजे कंपन्या पर्यावरणासाठी काय केलं ते सांगायला जो सस्टेनेबिलिटी रिपोर्ट काढतात, त्यात मागे जे टेबल असतं ना, जे कोणी वाचत नाही, ते भरायचं काम. आज त्या टेबलाबद्दलच बोलायचंय, कारण पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात "१००% रिन्यूएबल" असं असतं आणि त्याचा खरा अर्थ मागे त्या टेबलात दडलेला असतो.

आधी एक गोष्ट क्लिअर करू, वीज वेगळी आणि ऊर्जा वेगळी. समजा एका कारखान्याला वर्षाला १ कोटी युनिट वीज लागते, म्हणजे ३६,००० गिगाज्यूल. तिथेच गॅसवरचा बॉयलर आहे, तो खातो ६०,००० गिगाज्यूल. आता वीज सगळी रिन्यूएबल घेतली तरी एकूण ऊर्जेत तिचा वाटा झाला ३७.५ टक्के. "१००% रिन्यूएबल वीज" हे वाक्य खोटं नाही, पण वाचणाऱ्याच्या डोक्यात अख्खा कारखानाच ग्रीन होऊन बसतो. बॉयलरचा गॅस, जनरेटरचं डिझेल हे स्कोप १ मध्ये, म्हणजे कंपनीने स्वतः जाळलेल्या इंधनाच्या उत्सर्जनात जातं, आणि एक लिटर डिझेल जळलं की साधारण २.७ किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो, तो कुठल्याच विजेच्या सर्टिफिकेटने पुसला जात नाही.

आता हे सर्टिफिकेट काय असतं? सोलर किंवा पवनचक्कीवाल्याने १ मेगावॉट-अवर म्हणजे १,००० युनिट वीज ग्रिडला दिली की एक सर्टिफिकेट तयार होतं, आणि ते विजेपासून वेगळं काढून विकता येतं. आपल्या कारखान्याने अशी १०,००० घेतली की झालं, विकत घेतलेल्या विजेचं उत्सर्जन कागदावर शून्य! तारेतून मात्र तीच वीज येतेय जी काल येत होती. म्हणूनच जीएचजी प्रोटोकॉलने, म्हणजे उत्सर्जन कसं मोजायचं याच्या जागतिक नियमावलीने, २०१५ मध्ये स्कोप २ चे, म्हणजे विकत घेतलेल्या विजेच्या उत्सर्जनाचे, दोन आकडे द्यायला सांगितले, एक लोकेशन-बेस्ड म्हणजे तुमच्या ग्रिडवर खरोखर जे जळतं त्यावरून, आणि दुसरा मार्केट-बेस्ड म्हणजे तुम्ही काय करार केले, काय सर्टिफिकेट घेतली त्यावरून. ग्रिडवर युनिटमागे अर्धा किलो कार्बन डायऑक्साइड धरला तर आपल्या कारखान्याचा पहिला आकडा ५,००० टन आणि दुसरा शून्य. मुखपृष्ठावर कुठला येतो हे सांगायला नको. माझं म्हणणं आहे की दोन्ही शेजारी शेजारी, सारख्याच टाइपात छापा.

सर्टिफिकेट वाईट असं मी म्हणत नाहीये. एखादी कंपनी नव्या सोलर प्रोजेक्टशी पंधरा-वीस वर्षांचा करार करते, त्या कराराच्या जोरावर प्रोजेक्टला कर्ज मिळतं, पॅनल उभी राहतात, हे खरं काम आहे. पण जुन्या धरणाच्या विजेची सर्टिफिकेट स्वस्तात उचलली तर त्याने नवीन एक युनिटही तयार होत नाही, ते धरण तसंही चालूच होतं. टेबलात दोन्ही एकाच ओळीत बसतात, याचा मला मनापासून त्रास होतो.

आणि मग वेळेचा प्रश्न. हिशोब होतो वर्षाचा, दुपारची जास्तीची सोलर वीज रात्रीच्या वापराशी जुळवली जाते. गूगलने २०१७ मध्ये वर्षभराची वीज अशी १०० टक्के जुळवली आणि २०२० मध्ये त्यांनीच जाहीर केलं की एवढं पुरेसं नाही, २०३० पर्यंत दर तासाला, प्रत्येक ग्रिडवर कार्बनमुक्त वीज हवी. वर्षात ८,७६० तास असतात, तेवढ्या वेळा तुम्हाला उत्तर द्यावं लागतं, रात्री दोनचंसुद्धा.

लोक म्हणतात एवढा डेटा आणायचा कुठून. अहो, तो आहे! मोठ्या ग्राहकांच्या मीटरमध्ये १५ किंवा ३० मिनिटांचं रीडिंग साठत असतं, फक्त बिलावर महिन्याची बेरीज येते म्हणून कोणी बघत नाही. एका ठिकाणी तर महिन्याची बेरीजही चुकली होती, मोठ्या मीटरचं रीडिंग एका ठरावीक आकड्याने, म्हणजे मल्टिप्लाइंग फॅक्टरने, गुणलं की खरा वापर मिळतो, ते गुणायचंच राहिलं होतं तीन महिने, आणि ड्राफ्टमध्ये ही कमी दिसणारी वीज ऊर्जाबचत म्हणून लिहिली गेली होती. छापायच्या आधी सापडलं म्हणून बरं.

तिथलीच लोड सर्व्हेची, म्हणजे मीटरमधल्या त्या १५-३० मिनिटांच्या रीडिंगची, फाइल मग आम्ही उघडली, ग्राफ काढला. दिवसाचा चढउतार ठीक होता, पण सुट्टीच्या रात्री, कारखाना बंद असताना, दोन वाजता रेघ खाली जायलाच तयार नाही, एका पातळीवर सपाट. पुढच्या सुट्टीला रात्री आम्ही शॉप फ्लोअरवर गेलो, सगळं शांत, आणि त्या शांततेत सुस्स असा आवाज ऐकू येत होता, मशीनना दाबाची हवा पुरवणाऱ्या लाइनला जागोजागी गळती, आणि ती भरून काढायला कॉम्प्रेसर रात्रभर चालू. दिवसा मशीनच्या आवाजात हे कधीच कळलं नसतं. मेंटेनन्सवाल्यांनी साबणाचं पाणी लावत लावत एकेक जॉइंट शोधला, गास्केट बदलले, आणि पुढच्या महिन्याच्या ग्राफमध्ये दोन वाजताची रेघ खाली आलेली होती.