बांधावरची काठी कोर्टात जाते तेव्हा

मंडळी, कोर्टाच्या पायरीची म्हण तुम्हाला पाठ आहे, मी ती पुन्हा सांगत नाही. ती ऐकून सगळेच शहाणे झाले असते तर माझी चूल पेटली नसती.

आज एकच प्रकरण घेऊ. आपल्याकडचं नेहमीचं, बांधाचं. दोघं चुलतभाऊ आहेत. नावं नकोत, थोरला आणि धाकटा म्हणू. धाकट्यानं नांगरताना बांध कोरला, थोरला जाब विचारायला गेला, शब्दानं शब्द वाढला आणि धाकट्यानं काठी घातली. थोरल्याचं मनगट सुजलं. आता हे प्रकरण आपल्या तालुक्याच्या कोर्टात कसं जातं आणि तिथं त्याचं काय होतं, एवढंच आज बघायचं. सिनेमातलं कोर्ट आधी डोक्यातून काढा. आपल्या न्यायाधीशांच्या टेबलावर लाकडी हातोडा नसतो आणि 'ऑर्डर, ऑर्डर' असं कुणी ओरडत नाही. तिथं आवाज असतो तो पुकारा करणाऱ्या शिपायाचा.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. फौजदारी खटला युक्तिवादाच्या दिवशी ठरत नाही. मारामारीनंतरच्या पहिल्या दोन-चार दिवसांत जे कागद होतात, त्यांतच तो बहुतेक ठरून गेलेला असतो. पुढची काही वर्षं आम्ही वकील तेच कागद उलटेसुलटे करून वाचत बसतो.

थोरला पोलीस ठाण्यात जातो. ठाणे अंमलदार त्याचा हात बघतात आणि यादी, म्हणजे डॉक्टरांच्या नावानं तपासणीची चिठ्ठी, देऊन त्याला ग्रामीण रुग्णालयात पाठवतात. इथं नीट लक्ष द्या, कारण पुढचं सगळं त्या मनगटाच्या एक्स-रेवर अवलंबून आहे. नुसती सूज असेल तर ती साधी दुखापत. भारतीय न्याय संहितेचं, म्हणजे गुन्हे आणि शिक्षा ठरवणाऱ्या कायद्याचं, कलम ११५(२) लागतं आणि गुन्हा अदखलपात्र होतो. म्हणजे 'एनसी'. मॅजिस्ट्रेटच्या हुकुमाशिवाय पोलीस तिचा तपास करू शकत नाहीत. हाड मोडलं असेल तर ती गंभीर दुखापत, कलम ११७(२), सात वर्षांपर्यंत शिक्षा, पण गुन्हा जामीनपात्र. आणि काठी 'घातक हत्यार' धरली गेली, तर कलम ११८(२) येतं. त्यात कमीत कमी एक वर्ष, जास्तीत जास्त जन्मठेप, आणि जामीन हक्कानं मिळत नाही. भांडण तेच, काठी तीच, मनगटही तेच. फरक पडतो तो डॉक्टरांनी दुखापत प्रमाणपत्रात काय लिहिलं, जखम 'कठीण व बोथट वस्तूने' झाली म्हटलं की आणखी काही, आणि ती किती तासांपूर्वीची म्हटली यानं. म्हणून म्हणतो, हळद लावून घरी बसू नका. तिसऱ्या दिवशी दवाखान्यात गेलात, तर दोन वर्षांनी माझ्यासारखा कुणीतरी तुम्हाला विचारणार, 'मधल्या दोन दिवसांत तुम्ही मोटारसायकलवरून पडला होतात, हे खरं आहे का?'

मग फिर्याद. फिर्यादीची प्रत फिर्यादीला फुकट मिळते, ती मागून घ्या. आणि सही करण्याआधी वाचा, वाचता येत नसेल तर वाचून घ्या. बोलताना थोरला म्हणतो, 'साहेब, त्यानं काठी काढली न् सरळ हाणली.' कागदावर येतं, 'सदर इसमाने त्याच्या हातातील काठीने माझ्या उजव्या हाताच्या मनगटावर मारहाण करून मला जखमी केले.' याला माझी हरकत नाही. सरकारी मराठी तशीच असते. पण काठी उजव्या मनगटावर बसली की डाव्या, शेजारी कोण उभं होतं, वेळ कोणती, हे चुकलं की पुढं दुरुस्त होत नाही. आणखी एक नेहमीची गोष्ट. रागाच्या भरात थोरला धाकट्याची बायको, मेहुणा आणि कॉलेजात शिकणारा पोरगा अशी सगळ्यांची नावं घालतो. त्यांतला मेहुणा त्या दिवशी पुण्यात कामावर हजर होता असं निघालं, की सगळी फिर्यादच संशयात सापडते. घरातली चार माणसं गुंतवायला जाऊन खरा मारणारा सुटतो. हे मी किती वेळा बघितलंय, मोजलेलं नाही.

आता दुसरी बाजू. धाकटाही गप्प बसत नाही. त्याच संध्याकाळी तोही ठाण्यात जातो आणि थोरल्यानंच आधी दगड मारला म्हणून फिर्याद देतो. याला आमच्याकडं क्रॉस केस म्हणतात. बांधाच्या भांडणात ती नसली तरच नवल. एका खटल्यातला फिर्यादी दुसऱ्या खटल्यात आरोपी असतो. दोन्ही खटले एकाच न्यायाधीशांसमोर, एकामागोमाग एक चालवावेत असं सर्वोच्च न्यायालयानं सांगितलेलं आहे, कारण दोन कोर्टांनी दोन वेगळे निष्कर्ष काढले तर पंचाईत. पण एका खटल्यातला पुरावा दुसऱ्यात वापरता येत नाही. प्रत्येक फाईल आपापल्या पायावर उभी राहिली पाहिजे.

पंचनाम्याचं काय? पोलीस घटनास्थळी जातात, काठी जप्त करतात, कागदात गुंडाळून लाखेचं सील लावतात, लेबलावर दोन पंचांच्या सह्या घेतात. नव्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेनं, म्हणजे तपास आणि खटला कसा चालवायचा ते सांगणाऱ्या कायद्यानं, १ जुलै २०२४ पासून झडतीचं आणि जप्तीचं चित्रीकरणही सक्तीचं केलंय. ते बरं झालं. कारण पंच या प्राण्याची साक्ष मला तोंडपाठ आहे. 'सही माझी आहे. मजकूर मला माहीत नाही. पोलिसांनी सही करा म्हणून सांगितलं, मी केली.' तो काही वाईट माणूस नसतो. त्याला त्याच गावात राहायचं असतं, पाण्याची पाळी त्याच धाकट्याच्या शेजारी असते. सरकारी वकील त्याला फितूर जाहीर करतात, दोन प्रश्न विचारतात आणि तो कोर्टाबाहेर जाऊन चहा पितो.

अटकेबद्दल फार बोलत नाही. सात वर्षांपर्यंतच्या शिक्षेच्या गुन्ह्यात पोलिसांनी सरसकट अटक करू नये, आधी नोटीस द्यावी, हे सर्वोच्च न्यायालयानं २०१४ मध्ये अर्नेशकुमारच्या निकालात बजावलं. अटक केलीच तर २४ तासांच्या आत मॅजिस्ट्रेटसमोर उभं करायलाच हवं, ते आपल्या संविधानातच आहे. पोलीस कोठडी एकूण १५ दिवसांपेक्षा जास्त देता येत नाही. पूर्वी ती पहिल्या पंधरवड्यातच संपायची, आता गुन्ह्याप्रमाणे पहिल्या ४० किंवा ६० दिवसांत तुकड्यातुकड्यानं देता येते. आरोपी आत असताना ६० किंवा ९० दिवसांत दोषारोपपत्र आलं नाही, तर जामीन त्याच्या हक्काचा होतो. फिर्यादीच्या उपयोगाची नवी तरतूद अशी, की तपास कुठवर आला हे पोलिसांनी त्याला ९० दिवसांत कळवायचं असतं. विचारा त्यांना, भांडू नका, विचारा.

दोषारोपपत्र दाखल झालं की केसला नंबर पडतो आणि फाईलवर लिहिलं जातं, 'महाराष्ट्र शासन विरुद्ध' अमुकतमुक. इथं थोरल्याला पहिला धक्का बसतो. ही केस त्याची राहिलेली नसते. ती सरकार चालवतं, सरकारी वकील चालवतात. थोरल्यानं स्वतःचा वकील दिला, तरी तो सरकारी वकिलांना मदत करू शकतो, कोर्टाच्या परवानगीनं लेखी युक्तिवाद देऊ शकतो, पण परवानगीशिवाय खटला ताब्यात घेऊ शकत नाही. धाकट्याला मात्र स्वतःचा वकील हवा. ऐपत नसेल तर तालुका विधी सेवा समितीकडून तो मोफत मिळतो. ही मेहेरबानी नाही, १९८७ चा कायदा आहे.

आरोपीला कागदांच्या नकला फुकट मिळतात. मग न्यायाधीश दोषारोप मराठीत वाचून दाखवतात आणि विचारतात, 'गुन्हा कबूल आहे का?' 'कबूल नाही.' इथून तारखा सुरू होतात. नव्या कायद्यात दोनपेक्षा जास्त वेळा तहकुबी देऊ नये असं लिहिलंय. लिहिलेलं चांगलं आहे. पण समन्स बजावलं गेलेलं नसतं, साक्षीदार ऊसतोडीला गेलेला असतो, डॉक्टरांची बदली झालेली असते, आणि खरं बोलायचं तर आम्ही वकील त्याच वेळी दुसऱ्या कोर्टात उभे असतो. डॉक्टरांच्या बदलीवर एक तोडगा आता आलाय. बदलून किंवा निवृत्त होऊन गेलेल्या अधिकाऱ्याच्या कागदांबद्दल त्याच्या जागी आलेला अधिकारी साक्ष देऊ शकतो. ज्यानं हात तपासलाच नाही, त्याची उलटतपासणी काय घ्यायची, हा माझा प्रश्न आहे, पण तो राहू दे.

थोरला साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभा राहतो. सरतपासात, म्हणजे सरकारी वकिलांच्या प्रश्नांवर, तो सगळं सांगतो आणि भरीस आणखी एक सांगतो, 'धाकट्यानं मला जिवे मारीन म्हटलं.' धाकट्याचा वकील म्हणून मी उठतो आणि थोरल्याच्या पोलिसांपुढच्या फिर्यादीत ते वाक्य शोधतो. नाही. 'हे तुम्ही पोलिसांना सांगितलं होतं?' 'होय.' 'मग फिर्यादीत का नाही?' त्यावर जे उत्तर नोंदवलं जातं ते महाराष्ट्रातल्या हजारो साक्षींत जसंच्या तसं सापडेल: 'तसे का नमूद नाही, याचे कारण मला सांगता येणार नाही.' आम्ही याला ओमिशन म्हणतो. माणूस खोटं बोलत असेलच असं नाही, त्याला ते नंतर आठवलेलंही असू शकतं. पण आरोपीच्या वकिलाला एवढी फट पुरते. मघाशी मी फिर्याद वाचून सही करा म्हणालो, ते यासाठी.

सगळे साक्षीदार झाले की न्यायाधीश धाकट्याला एकेक पुरावा सांगून विचारतात, तुमचं काय म्हणणं? त्याला शपथ देत नाहीत. 'खोटं आहे' एवढं म्हणून तो गप्प बसू शकतो. मग युक्तिवाद, मग निकाल, तोही ४५ दिवसांच्या आत द्यायचा असतो. आपल्या प्रथम वर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांना तीन वर्षांपर्यंत कैद आणि आता ५० हजारांपर्यंत दंड करता येतो. त्याहून जास्त शिक्षा द्यावी असं त्यांना वाटलं, तर प्रकरण मुख्य न्यायदंडाधिकाऱ्यांकडं पाठवतात. पहिलाच गुन्हा असेल तर १९५८ च्या परिवीक्षा कायद्याखाली चांगल्या वर्तणुकीच्या बंधपत्रावर सोडताही येतं. शिक्षेवरचं अपील ३० दिवसांत सत्र न्यायालयात, आणि त्यावर फेरतपासणी अर्ज उच्च न्यायालयात. आपल्या सांगली-साताऱ्याच्या माणसाला त्यासाठी मुंबई गाठावी लागे. ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापुरात उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच, म्हणजे फिरतं खंडपीठ, बसतं.

आता आपल्या थोरल्या-धाकट्याचं सांगतो. असली प्रकरणं बहुतेक निकालापर्यंत जात नाहीत. दरम्यान घरात कुणाचं तरी लग्न निघतं, म्हातारी आजारी पडते, कुणीतरी मध्यस्थी करतो. कलम ११७(२) असेल तर कोर्टाच्या परवानगीनं जखमी माणसाला तडजोड करता येते. ११८(२) असेल तर येत नाही. पुन्हा तोच डॉक्टरांचा कागद! तडजोडीची पुरसीस, म्हणजे लेखी निवेदन, दाखल होते. न्यायाधीश थोरल्याला जवळ बोलावून विचारतात, 'कुणाचा दबाव नाही ना?' तो नाही म्हणतो आणि धाकटा सुटतो. हुकुमाची शेवटची ओळ ठरलेली असते: 'मुद्देमाल काठी मूल्यहीन असल्याने अपिलाची मुदत संपल्यानंतर नष्ट करण्यात यावी.'

बांध कुणाचा, हे त्या हुकुमात कुठंच नसतं. त्याला मोजणी लागते, दिवाणी दावा लागतो. तो त्याच इमारतीत चालतो आणि पुष्कळदा त्याच न्यायाधीशांसमोर, कारण तालुक्याला दिवाणी न्यायाधीश कनिष्ठ स्तर आणि प्रथम वर्ग न्यायदंडाधिकारी हे एकच साहेब असतात. त्या दाव्याला तारीख वेगळी पडते.